चार मजल्यांचे वकीलसाहेब

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सव्वीस वर्षं कोर्टाच्या इमारतीत लिफ्ट चालवत होते. तळमजला ते चौथा, चौथा ते तळमजला. त्या लोखंडी पेटीत उंच स्टुलावर बसून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. अभ्यास म्हणजे काय, तर वकील एकमेकांशी बोलायचे ते ऐकलं. खाली चढलेला वकील वर उतरेपर्यंत जेवढं बोलेल तेवढाच धडा, उरलेलं वाक्य वकील बरोबर घेऊन बाहेर पडायचा. ‘एकदा जामीन झाला की मग उरतं ते फक्त...’ एवढं कानावर पडायचं आणि दार उघडायचं. नक्की काय उरतं ते भावोजींना कधीच कळलं नाही. पण त्यावाचून त्यांचं अडलंही नाही. उरलेलं वाक्य ते स्वतःच भरून काढायचे.

कोर्टात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. ‘लिफ्ट, तिसरा’, ‘लिफ्ट, जरा थांब’, बस. तेच भावोजी संध्याकाळी घराखालच्या बाकावर पाय पसरून बसले की ‘वकीलसाहेब’ व्हायचे. हे नाव कुण्या टवाळानं ठेवलं होतं. चेष्टा शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळली, टवाळाच्या आईला कळली, एकट्या भावोजींना कळली नाही. त्यांना तो मान वाटला, आणि पुढंपुढं गरजू माणसांनाही ते खरंच वाटायला लागलं. कोर्टाचा कागद घरी आला की माणसाची अक्कल आधी पळते. मग तो समोर दिसेल त्याला देव मानतो. त्यात समोरचा माणूस कोर्टातून रोज येत-जात असेल तर विचारायलाच नको.

मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या फौजदारी कोर्टात स्टेनो होते. न्यायाधीश सांगतील ते लघुलिपीत उतरवायचं आणि टाइप करून सहीला ठेवायचं, हे माझं काम. मी कायम जिन्यानं जायचे. गुडघे गेले, पण कान वाचले.

भावोजींच्या सल्ल्यांचे नमुने किती सांगू? एक इलेक्ट्रिशियन मारामारीत अडकला. त्याला जामीन मिळाला. भावोजी त्याला म्हणाले, “सुटलास की! जामीन म्हणजे कोर्टानं तुला निर्दोष मानलं.” तो बिचारा पेढीवरून सामान आणायला परगावी गेला, तारखेला हजर राहिला नाही. त्याच्या नावानं वॉरंट निघालं आणि पोलिसांनी त्याला एका लग्नघरातल्या शिडीवरून खाली उतरवलं. जामीन म्हणजे सुटका नव्हे, बोलावू तेव्हा येईन असा शब्द आहे, हे त्याला कोठडीत कळलं. भावोजींना विचारलं तर म्हणाले, “न्यायाधीश नवीन आहे, त्याला प्रॅक्टिस नाही.”

माझी ताई हे सगळं ऐकायची आणि मान डोलवायची. ताई बावळट नव्हती. हिशोबात, माणसं ओळखण्यात ती माझ्या दसपट हुशार. पण नवऱ्याला कायदा कळतो यावर तिनं एकदा विश्वास ठेवला होता, आणि काही बायका असा विश्वास भिंतीतल्या खिळ्यासारखा वापरतात. त्यावर सगळा संसार टांगलेला असतो, म्हणून तो उपटून बघत नाहीत. मी एकदा म्हणाले, “ताई, भावोजी लोकांना खड्ड्यात घालतायत.” तर ती म्हणाली, “तू टाइप करतेस, ते विचार करतात.” त्यानंतर मी बोलणं सोडून दिलं. तिच्या घरी गेले की चहा प्यायचा, भावोजींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घड्याळाकडे बघायचं आणि उठायचं.

भावोजी निवृत्त झाले. निरोपाला त्यांना एक कोट मिळाला. लिफ्ट बटणांवर चालायला लागली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मात्र घराखालच्या बाकाचं कामकाज आता दिवसभर चालू लागलं.

ताईच्या इमारतीच्या तळाशी एका खोलीत एक टेलरबाई बसायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, एक शिलाई मशीन, बटणांचे सात-आठ डबे आणि भिंतीवर दोरीला बांधलेली वही. कुणाचं काय आलं, कधी द्यायचं, सगळं त्या वहीत. एका इस्पितळाच्या परिचारिकांचे एप्रन आणि वॉर्डातल्या चादरी शिवायचं काम त्यांना बारा वर्षं होतं. त्यावरच त्यांचं पोट. कमी बोलायच्या. मापं घेताना तोंडात टाचण्या, म्हणून बोलायची सवयच नव्हती बहुतेक.

एका व्यापाऱ्याच्या बायकोनं त्यांच्याकडे जुना कोट अस्तर बदलायला टाकला. अस्तर उसवताना आतून अंगठी पडली, फाटक्या खिशातून आत घसरलेली. टेलरबाईंनी ती एका रिकाम्या डब्यात ठेवली आणि वहीत कोटाच्या ओळीपुढं लिहिलं, ‘अस्तरात अंगठी निघाली. कोटाबरोबर देणे.’ कोट दहा दिवसांनी द्यायचा होता. तिकडे व्यापारीणबाईंना आठव्या दिवशी अंगठी दिसेना. घरात शोधाशोध झाली, कामवालीची झडती झाली, आणि शेवटी पोलिसात तक्रार गेली. हवालदार चौकशी करत टेलरबाईंच्या खोलीत आला. त्यानं ‘अंगठी’ एवढं म्हणायचा अवकाश, बाईंनी डबा काढून त्याच्या हातात दिला. “हीच का? मी देणारच होते परवा.”

हवालदारानं ‘परवा’ ऐकलं नाही. त्यानं लिहिलं, ‘आरोपीच्या ताब्यातून जप्त.’ ज्या वहीत बाईंचा सगळा बचाव लिहिलेला होता ती वही त्याच्या डोक्याशेजारी लोंबकळत होती. त्यानं तिला हात लावला नाही. त्याला अंगठी हवी होती, ती मिळाली होती. काम संपलं की डोळे मिटून घ्यायचे, हे सरकारी खात्यात शिकवावं लागत नाही, मी स्वतः तिथं तीस वर्षं काढली आहेत.

पुढं कोर्टाचा समन्स आला. टेलरबाई तो घेऊन ताईकडे आल्या, आणि ताईनं त्यांना कौतुकानं स्वयंपाकघरात नेऊन भावोजींसमोर बसवलं. मी तिथं नव्हते. जे झालं ते नंतर ताईच्या तोंडून ऐकलं, आणि ते मी एकटीनंच नाही ऐकलं.

भावोजींनी चष्मा लावला, समन्स उलटा-सुलटा केला आणि विचारलं, “अंगठी तुमच्याकडे होती का नव्हती?”

“होती. पण मी ती...”

“संपलं. वस्तू सापडली म्हणजे गुन्हा झाला.”

ताई म्हणाली, “अहो, पण चोरली कुठं त्यांनी? वहीत लिहून ठेवलंय.”

“तू चहाचं बघ. चोरली आणि ठेवली, कायद्यात दोन्ही एकच.” मग ते टेलरबाईंकडे वळले. “आता नीट ऐका. लढायला गेलात तर पाच-सात वर्षं जातील. त्यापेक्षा कबूल करा. पहिलाच गुन्हा, बाईमाणूस, न्यायाधीश दंड करतील. भरायचा आणि संध्याकाळी घरी. गुन्हा कबूल का विचारतील, हो म्हणायचं. वकील हवा का, नको म्हणायचं. वकील आला की केस लांबते. कुणी शिकवलं का विचारतील, नाही म्हणायचं. आणि ती वही-बिही दाखवू नका. कागद दिसला की त्यांना प्रश्न सुचतात.”

टेलरबाईंनी विचारलं, “मग माझ्या नावावर चोरी लागेल ना?”

“अहो, दंड भरला की पाटी कोरी.”

या एवढ्या बोलण्यात खरं असं एक वाक्य नव्हतं. दुसऱ्याची वस्तू तुमच्याकडे सापडली म्हणून तुम्ही चोर ठरत नाही. ती लाटायचा हेतू मनात असावा लागतो, आणि तो होता हे सरकारी बाजूनं सिद्ध करायचं असतं. नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. हे फौजदारी कायद्याचं पहिलं पान आहे. पण पहिलं पान लिफ्टमध्ये कुणी वाचून दाखवत नाही.

तारखेला टेलरबाई आमच्याच कोर्टात आल्या. त्या दिवशी बोर्डावर बहात्तर प्रकरणं होती. आमचे न्यायाधीश वाईट माणूस नव्हते, पण जेवणाच्या सुट्टीआधी बोर्ड अर्धा उतरला नाही की त्यांचा पाय टेबलाखाली हलायला लागायचा. टेलरबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. मी त्यांना ओळखलं. दारात भावोजी उभे होते, निरोपाचा कोट घालून. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी वाटोळं होणार आहे.

“वकील हवा आहे का? नसला तर कोर्ट देईल.”

“नको, साहेब.”

“तुमच्यावर अंगठी चोरल्याचा आरोप आहे. गुन्हा कबूल?”

“हो साहेब. अंगठी माझ्याकडेच होती. कोट तयार झाला की द्यायचीच होती.”

न्यायाधीशांचा पाय थांबला. क्षणभर मला वाटलं, ऐकलं त्यांनी. कारण ही काही कबुली नव्हती. ‘माझ्याकडे होती’ हे मान्य करणं वेगळं आणि ‘मी चोरली’ हे मान्य करणं वेगळं. पण त्यांनी घड्याळ पाहिलं.

“बाई, हो की नाही ते सांगा. कबूल की नाही?”

टेलरबाईंनी दाराकडे पाहिलं. भावोजींनी मान हलवली, नाटकातल्या पडद्याआडच्या माणसासारखी.

“हो.”

“कुणी दबाव टाकला, शिकवलं?”

“नाही.”

न्यायाधीशांनी मला मजकूर सांगितला, ‘आरोपीने गुन्हा स्वेच्छेने व समजून-उमजून कबूल केला.’ माझ्या लघुलिपीच्या वहीत बाईंचं पूर्ण वाक्य होतं, कोटाचं, द्यायचीच होती हे, सगळं. टाइप मी न्यायाधीशांनी सांगितलं तेवढंच केलं. स्टेनोनं कोर्टात तोंड उघडायचं नसतं. हा नियम मला त्या दिवशी फार सोयीचा वाटला.

शिक्षा झाली थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तुरुंग नाही, पण त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. टेलरबाई साडेपाचपर्यंत मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. माझ्यापासून दहा पावलांवर. भावोजी मधूनमधून त्यांच्या कानाशी वाकून कामकाज समजावत होते. शिपायानं दोनदा ‘शू’ केलं. साडेपाचला ते बाईंना घेऊन बाहेर पडले आणि कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं म्हणाले, “काय म्हणालो होतो? संध्याकाळी घरी!”

पुढचे आठ दिवस बाकावर याच विजयाची कहाणी चालू होती. नवव्या दिवशी इस्पितळातून वर्षाचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता, ‘आपणास कधी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?’ टेलरबाईंनी खरं लिहिलं. भांडारप्रमुखानं फॉर्म वाचला, बाईंनी बारा वर्षांत शिवलेल्या चादरी त्याला आठवल्या असतील नसतील, आणि काम दुसरीकडे दिलं. त्याला दोष देऊन काय करू? कोर्टच म्हणतंय बाई चोर आहे, तर भांडारप्रमुख कशाला देवमाणूस होईल!

टेलरबाई बाकापाशी आल्या. “तुम्ही म्हणाला होतात पाटी कोरी होईल.”

भावोजी म्हणाले, “झालीच की. केस संपली. आता काम गेलं तो दिवाणी मामला. त्याचा याच्याशी संबंध नाही.”

टेलरबाई माघारी वळल्या. पण त्या घरीही बसल्या नाहीत. चादरी न्यायला येणाऱ्या इस्पितळाच्या ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं, कोर्टाच्या तळमजल्यावर सहा नंबरच्या खोलीत मोफत वकील मिळतो. तिथं त्यांना एक वकीलबाई भेटल्या. केस विस्कटलेले, झग्याची शिवण उसवलेली, पेनाचं टोपण चावून चपटं केलेलं. आम्ही टायपिस्ट लोक त्यांना हसायचो. फुकट मिळतं ते फुकटच, असं आमचं मत. त्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत एकच केलं, भिंतीवरची वही मागवली. ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, “हे कोर्टाला का दाखवलं नाहीत?”

“दाखवू नका म्हणाले.”

“कोण?”

“वकीलसाहेब.”

“कोणते वकील?”

“लिफ्टचे.”

अपील दाखल झालं, उशिरा, पण वरच्या, म्हणजे त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या, कोर्टानं उशीर माफ केला. मग ते कपाटात पडून राहिलं, सगळी पडतात तसं. चौदा महिन्यांनी वकीलबाई आमच्या टायपिंगच्या खोलीत आल्या. “त्या दिवशीची लघुलिपीची वही मिळेल?”

वह्या नियमानं वर्षभर ठेवतात, मग रद्दीत देतात. त्या रद्दीच्या यादीवर सही माझीच होती. मी तसं सांगितलं.

“तुम्हाला आठवतं का, ती नेमकं काय म्हणाली?”

मला अक्षर न् अक्षर आठवत होतं. पेन्शनला चार वर्षं होती, न्यायाधीश तेच होते. मी म्हणाले, “टाइप झालंय तेच खरं.”

वकीलबाईंनी टोपण तोंडातून काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘बरं’ म्हणून निघून गेल्या. भावोजींना मी जन्मभर नावं ठेवली. ते निदान अज्ञानापोटी बोलत होते. मला माहीत असून मी गप्प होते. हे इथं लिहून ठेवते आणि पुढं सरकते, कारण त्यापेक्षा जास्त त्याचं काही करता येत नाही.

वही गेली, मी फिरले, म्हणून वकीलबाईंनी भावोजींनाच साक्षीला बोलावलं. कबुली बाईंनी समजून दिली नव्हती, त्यांना कुणीतरी पढवलं होतं, हे वरच्या कोर्टाला दाखवायचं होतं. भावोजींच्या हातात समन्स पडला आणि त्यांची छाती दोन इंच फुगली. समन्स चार जणांना दाखवून झाला. “वरच्या कोर्टाला माझं मत हवंय,” असं ते बाकावर सांगत होते.

त्या दिवशी ताई आणि मीही गेलो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. भावोजी कोट घालून लिफ्टमध्ये शिरले आणि चौथ्या मजल्याचं बटण असं दाबलं की जणू लिफ्टला उपकारच केले. वर कॉरिडॉरमध्ये त्यांना सरकारी वकील भेटला. तरुण, गुळगुळीत दाढी केलेला. त्यानं हसत विचारलं, “काय लिफ्ट, तुम्ही सल्ले देता म्हणे? सनद नसताना वकिली करणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?” तो थट्टेनं म्हणाला की खरंच, देव जाणे. भावोजींचा चेहरा मात्र अस्तर काढलेल्या कोटासारखा लोंबला.

त्यांनी शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. वकीलबाईंनी विचारलं, “गुन्हा कबूल करा, असा सल्ला तुम्ही यांना दिलात?”

बाकांवर निम्मे वकील त्यांच्या ओळखीचे होते. इतकी वर्षं ज्यांची वाक्यं चोरून ऐकली ते सगळे आता त्यांचं वाक्य ऐकायला बसले होते.

“नाही, साहेब. मी कोण सल्ला देणारा? मी साधा लिफ्टवाला. मला कायद्यातलं काय कळतं?”

कोर्टात हशा पिकला. भावोजींनी आयुष्यात स्वतःबद्दल एवढं खरं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते उच्चारलं शपथेवर खोटं बोलण्यासाठी. टेलरबाई हसल्या नाहीत. त्या जमिनीकडे बघत होत्या. माझ्या शेजारची ताई उठून उभी राहिली.

“खाली बसा,” न्यायाधीश म्हणाले.

“बसते. पण ते सांगत नाहीत तर मी सांगते. आमच्या स्वयंपाकघरात झालं ते. मी तिथं होते.”

सरकारी वकिलानं हरकत घेतली. ही बाई आत बसून आधीची साक्ष ऐकत होती, अशा साक्षीदाराचं कसं चालेल? न्यायाधीश म्हणाले, त्याला किती वजन द्यायचं ते मी बघेन, साक्ष घ्या. आणि ताई पिंजऱ्यात गेली. तिनं एकेक वाक्य सांगितलं, चहाचं बघ म्हणाले होते तेसुद्धा. ‘चोरली आणि ठेवली, कायद्यात दोन्ही एकच’ हे ती म्हणाली तेव्हा न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

सरकारी वकील उलटतपासणीला उठला. “तुमचं आणि नवऱ्याचं भांडण आहे, म्हणून तुम्ही हे सांगताय?”

“छत्तीस वर्षांत एकदाही भांडले नाही,” ताई म्हणाली. “तिथंच चुकलं.”

“टेलरबाई तुमच्या मैत्रीण आहेत?”

“नाहीत. मी त्यांना त्या दिवशी घरात घेऊन गेले. मी नेलं नसतं तर त्या इथं नसत्या. त्या माझ्या कोण लागतात ते मला सांगता येणार नाही.”

सरकारी वकील खाली बसला. भावोजी भिंतीशी उभे होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

वरच्या कोर्टानं कबुली रद्द केली. निकालात लिहिलं होतं की वस्तू जवळ असल्याचं मान्य करणं म्हणजे गुन्हा मान्य करणं नव्हे, आणि न समजता दिलेली कबुली ही कबुलीच नव्हे. प्रकरण नव्यानं चालवायला खाली आलं, यावेळी दुसऱ्या न्यायाधीशांकडे. व्यापारीणबाई साक्षीला आल्या. वकीलबाईंनी विचारलं, कोट देताना खिसे तपासले होते का? नाही. खिसा फाटका होता हे माहीत होतं? हो, म्हणून तर अस्तर बदलायला दिला. अंगठी कुणी घेताना पाहिली? कुणीच नाही. मग ती वही कोर्टापुढं आली. वीस मिनिटांत सगळं उरकलं. वीस मिनिटांच्या कामाला तीन वर्षं लागली होती.

टेलरबाई निर्दोष सुटल्या. निकालाच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतं, ‘आरोपीस संशयाचा फायदा देण्यात येत आहे.’ बाहेर आल्यावर त्यांनी वकीलबाईंना विचारलं, “संशयाचा फायदा म्हणजे काय? मी चोर असेनही, असंच ना?”

“तसं नाही. सरकारला सिद्ध करता आलं नाही, असा अर्थ.”

“पण मी नव्हतेच.”

वकीलबाई म्हणाल्या, “कोर्टाकडे त्यासाठी वेगळं वाक्य नाही.”

इस्पितळाचं काम परत मिळालं नाही. ते दुसऱ्याच्या हाती रुळलं होतं. टेलरबाई आता बसगाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. जाड कापड, जाड सुया, बोटं फुटतात. माझ्याशी त्या बोलतात, पण मापापुरतं.

खोट्या साक्षीबद्दल भावोजींवर काही कारवाई झाली नाही. त्यासाठी आधी कुणीतरी त्यांना गंभीरपणे घ्यायला हवं होतं. न्यायाधीशांनी निकालात त्यांच्यासाठी अर्धी ओळ खर्च केली, ‘या साक्षीदाराच्या जबानीवर विसंबता येत नाही,’ बस. तीन आठवडे ते बाकावर फिरकले नाहीत. मला वाटलं, लाज वाटली असेल. माझंच चुकलं. ते नवं वाक्य जुळवत होते. चौथ्या आठवड्यात ते बाकावर बसले आणि म्हणाले, “तुम्हाला काय वाटलं, मी घाबरलो? अरे, तो डाव होता. नवऱ्यानं नाही म्हणायचं, बायकोनं हो म्हणायचं. दोन साक्षींत फरक पडला की संशय निर्माण होतो, आणि संशयाचा फायदा जातो आरोपीला. सुटल्या की नाही बाई?” ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

ताई त्यांच्याशी भांडली नाही. दुपारी ती टेलरबाईंकडे जाऊन बसते, कव्हरांना नाड्या लावते. तिथं काय बोलतात कोण जाणे, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. भावोजी आपला चहा आपण करतात आणि साखर कुठल्या डब्यात आहे ते अजून विचारतात.

परवा मी तिथं गेले तेव्हा बाकावर एक बेकरीवाला बसला होता. त्याची स्कूटर कुणाला तरी लागली होती, हातात कागद होता, कपाळावर घाम होता. भावोजी त्याला सांगत होते, “आधी एक सांगा, पळून गेलात का थांबलात? थांबलात? मोठी चूक केलीत.”

ताई टेलरबाईंच्या खोलीतून बाहेर आली, हातात कात्री तशीच. ती बेकरीवाल्याला म्हणाली, “उद्या दहा वाजता कोर्टात जा. तळमजला, सहा नंबर. पैसे घेत नाहीत. थांबलात ते चांगलं केलंत, ते तिथं सांगा. यांचं ऐकू नका.”

बेकरीवाला गोंधळला. एकदा तिच्याकडे, एकदा भावोजींकडे बघून त्यानं विचारलं, “मग हे कोण?”

“हे माझे यजमान. बोलू द्या त्यांना. त्यांना सवय आहे.”

ती आत गेली. बेकरीवाला उठून निघाला. भावोजी त्याच्या रिकाम्या जागेकडे वळून पुढचं कलम समजावू लागले.